११ जुलै २००६ : त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होता? आणि १२ जुलैच्या सकाळी?

सोमवारी, २१ जुलै २०२५ला, बातमी आली. लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, असं न्यायालय म्हणालं. यांतल्याच पाच जणांना २०१५मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने फाशी सुनावली होती, सात जणांना जन्मठेप. गुरुवारी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी स्फोट झाले तेव्हा बालवाडीत होती. तिने विचारलं, "मग ताई, केलं कुणी?" मला काही बोलताच आलं नाही. घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात घण घालत राहिला.

सात स्फोट, अकरा मिनिटांत. ६:२४ ते ६:३५. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतले फर्स्ट क्लासचे डबे. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८०हून जास्त माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. हे आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. मला तुमच्याकडून दुसऱ्या दिवशीचंही हवंय. १२ जुलैला आपण कामावर गेलो आणि टीव्हीवर आपल्याला शाबासकी मिळाली. ती शाबासकी माझ्या घशाखाली कधीच उतरली नाही. तुम्हाला काय वाटलं होतं ते लिहा. लांब लिहा, तोडकंमोडकं लिहा, चालेल.

माझं थोडक्यात सांगते. मी मागून येणाऱ्या स्लो गाडीत होते. दादर सोडलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. फोन लागेनात. तासाभराने कुणीतरी रुळांवरून ओरडत गेलं, "उतरा, पुढे बॉम्ब फुटलाय." फलाट नसला की डब्यातून खाली उतरणं किती उंच असतं ते तेव्हा कळलं. एका अनोळखी बाईने खाली उभं राहून आम्हा दहा-बारा जणींना हात दिला, साडी खोचून, खडीवर अनवाणी. तिच्या चपला कधीच्या हरवल्या होत्या. मग गोरेगावपर्यंत चालत. हायवेला लोक घरातून पाण्याचे हंडे आणून उभे होते, बिस्किटं वाटत होते. घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आई दारातच होती. ती काही बोलली नाही, फक्त माझे हात चाचपून पाहिले, दोन्ही.

*

मी सतरा वर्षांचा होतो. आमची वस्ती रुळांच्या कडेला, माहीम आणि वांद्र्याच्या मधे. आवाज झाला तेव्हा आधी वाटलं ओव्हरहेड वायर तुटली. पळत गेलो तर डब्याचा पत्रा डबा उघडावा तसा बाहेर आलेला. आत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही.

स्ट्रेचर कुठून असणार? वस्तीतल्या बायांनी घरातल्या चादरी काढून दिल्या. माझ्या आईने लग्नात आलेली, कधी न वापरलेली चादर दिली, तिच्यावर मोर होते. चौघांनी चार टोकं धरायची, खडीवर पाय घसरतो म्हणून एकाने पुढे वाट दाखवायची. रस्त्यावर टेम्पो, टॅक्सी, जे थांबेल त्यात घालायचं आणि भाभा रुग्णालयात पाठवायचं. चार फेऱ्या मोजल्या, पुढे मोजायचं सोडलं. एक काका माझा शर्ट सोडत नव्हते. "मला घरी फोन लावून दे" एवढंच म्हणत होते. नंबर सांगायचे, शेवटचे दोन आकडे आठवायचे नाहीत. ते वाचले की नाही मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुठेही गेलो नाही. आई नळावर हंडा लावून बसली होती आणि मी हात धूत होतो. ज्या वस्तीला लोक गाडीतून बघून नाक मुरडतात, त्याच वस्तीच्या चादरी होत्या त्या. एवढं कुणीतरी लिहून ठेवावं म्हणून लिहिलं.

*

मी तेव्हा पालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका होते. जखमींचं बरंच जण लिहितील, मी यादीचं सांगते. येईल त्या माणसाचं नाव आम्ही हाताने लिहून फळ्यावर लावत होतो. कुणी अर्धं नाव सांगायचं, कुणाच्या ओळखपत्रावरची शाई पावसात पसरलेली. चुका होणारच. रात्री एकच्या सुमाराला एक मध्यमवयीन बाई फळ्यासमोर उभी राहून मला म्हणाली, "सिस्टर, नाव आमचंच आहे, पण आडनावात तुम्ही 'र' लिहिलाय. आमच्यात 'ल' आहे. म्हणजे हे आमचे नसणार ना?" त्या 'र'ला तिने घट्ट धरून ठेवलं होतं. यादी मीच लिहिली होती. चूक माझ्या कानाची होती.

मी तिच्याबरोबर खाली गेले.

पहाटे बाहेर रक्तदानाची रांग फाटकाच्या पलीकडे गेली होती. इतकं रक्त नको झालं, लोकांना परत पाठवावं लागलं. तरी ते जात नव्हते. काहीतरी करू द्या, असं त्यांचं चाललं होतं. मला वाटतं त्या रांगेत राग होता. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून माणसं हात पुढे करून उभी होती.

*

"मुंबई थांबत नाही" म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. मी रोजंदारीवर होतो. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. आदल्याच वर्षी २६ जुलैच्या पुरात घरातलं सगळं भिजलं होतं, त्याचे हप्ते चालू होते. म्हणून गेलो. माझ्या भीतीला शौर्याचं नाव देऊन परस्पर हार घालू नका.

*

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. मी मीरा रोडची, नया नगरची. माझे अब्बा चर्चगेटजवळ नोकरीला होते, तीस वर्षं पास काढून फर्स्ट क्लासने जायचे. त्या संध्याकाळी ते उशिरा निघाले म्हणून वाचले. रात्री दोन वाजता ट्रकमध्ये बसून घरी आले. अम्मीने शुकराना पढला आणि मग दोघंही शेजारच्या जोशी काकूंकडे गेले, कारण काकांचा पत्ता नव्हता. काका सकाळी आले, पायाला लागलं होतं. पूर्ण रात्र अब्बा त्यांच्या फोनपाशी बसून होते.

१२ तारखेला अब्बा गाडीत चढले. ग्रुपमधले नेहमीचे सहा जण. कुणी काही वाकडं बोललं नाही. पण रोज पत्ते निघायचे ते निघाले नाहीत, आणि अब्बांनी बॅग रॅकवर ठेवली तेव्हा दोघांनी वर पाहिलं. अब्बांनी बॅग खाली घेतली, उघडली आणि डबा, छत्री, चष्म्याचं घर काढून परत भरलं. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून. हे त्यांनी आम्हाला चार वर्षांनी सांगितलं, रिटायर झाल्यावर.

पुढच्या आठवड्यांत आमच्या भागातून कितीतरी मुलं चौकशीला उचलली. बहुतेक परत आली. परत आलेला मुलगा गल्लीतून चालताना वेगळा दिसतो, त्याच्या आईलाही तो वेगळा दिसतो. आम्हालाही ते बॉम्ब ठेवणारे सापडायला हवे होते. मेलेल्यांत आमचेही होते. दुःख करायची रांग होती तिथे आम्हाला आधी ओळखपत्र दाखवावं लागलं, एवढाच फरक.

*

वर ताईंनी लिहिलंय ते वाचून लिहायचं धाडस करतोय. जोशी काकूंकडे काका आले. आमच्याकडे बाबा आले नाहीत.

मी बारावीत होतो. मामा आणि मी रात्रभर चार रुग्णालयं फिरलो. पाचव्यात घड्याळावरून ओळखले. पट्टा बदलून आठवडा झाला होता, मीच त्यांच्याबरोबर दुकानात गेलो होतो. घड्याळ चालू होतं. बाकी वस्तूंत एक बूट, रुमाल आणि डब्याचं झाकण. बॅग नव्हती, पाकीट नव्हतं.

पाकिटात पास होता. तिमाही पास, नुकताच काढलेला. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

दहा-बारा दिवसांनी आई आणि मी भरपाईच्या कागदांसाठी एका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या माणसाने फॉर्म उलटा करून पाहिला आणि विचारलं, "मृत व्यक्ती गाडीत वैध प्रवासी होती याचा पुरावा?" आई म्हणाली, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "तिकीट किंवा पास. ओरिजिनल." आई म्हणाली, पास त्यांच्या खिशात होता. तो म्हणाला, "मग तो आणा."

मी तेव्हा टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. खरंच उचलला होता. काचेचा, आत निळं फूल. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो खाली ठेवायला लावला. ती त्या माणसाला म्हणाली, "आणते." बाहेर येऊन जिन्यात बसली आणि म्हणाली, "यांना वाटतं तुझे बाबा फुकट जात होते."

तिच्या आयुष्यात तिने त्यांना एकदाही विनातिकीट फिरताना पाहिलं नव्हतं. आम्ही लहान असताना पाच वर्षं पूर्ण झाल्यावर दुसऱ्याच दिवसापासून ते आमचं अर्धं तिकीट काढायचे. स्फोटापेक्षाही तिला ते वाक्य जास्त लागलं, असं मला आजही वाटतं.

बाबांच्या गाडीतल्या ग्रुपचे चौघं घरी आले. दोघं त्या दिवशी दरवाज्याजवळ उभे होते म्हणून वाचले होते, एकाच्या कानाला बँडेज होतं. एकाची गाडी चुकली होती, एक रजेवर होता. चौघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्रं केली की हा माणूस सोळा वर्षं आमच्याबरोबर याच डब्यात, पास काढून, खिडकीजवळच्या तिसऱ्या सीटवर बसत होता. कान दुखावलेल्या काकांना नोटरी काय विचारतोय ते ऐकू येईना, ते नुसते "हो, हो, बसायचा" म्हणत राहिले. काम झालं. पण त्याला आणखी अकरा महिने लागले.

सोमवारचा निकाल आईने दूरदर्शनवर पाहिला. ती म्हणाली, "पुरावा नाही म्हणतात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्याकडे मागितला तेव्हा आपण आणला." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

*

वर ज्यांच्या कानाला बँडेज होतं असं लिहिलंय तशांपैकीच मीही एक. तो ग्रुप माझा नव्हे, गाडीही दुसरी. माझ्या दोन्ही कानांचे पडदे फाटले. डावा सावरला, उजव्यात अजून शिट्टी वाजते. घरात सगळे माझ्या डाव्या बाजूला बसतात, नातवालाही सवय झालीय.

निकालाबद्दल मला दोन राग आहेत. सुटलेले लोक खरंच निर्दोष असतील, तर त्यांची एकोणीस वर्षं कुणी खाल्ली? आणि ते नसतील, तर तपास इतका कच्चा का ठेवला की तो न्यायालयात उभा राहू नये? दोन्ही प्रश्न एकाच दाराशी जातात आणि ते दार आतून बंद आहे. मला बदला नको. चुकीच्या माणसाला माझ्या नावाने फासावर तर नकोच नको. मला फक्त माझ्या डब्यात ती पिशवी कुणी ठेवली ते मरायच्या आधी कळायला हवंय. आमच्यातला एक जखमी नऊ वर्षं बेशुद्धीत काढून २०१५च्या जुलैत गेला. त्याला तर हे विचारताही आलं नाही.

*

स्फोटांनंतरच्या मंगळवारी, १८ जुलैला, ६:२५ला श्रद्धांजलीचे भोंगे वाजले होते, आठवतंय कुणाला? मी फलाटावर होते. गर्दीच्या वेळी तो फलाट इतका गप्प मी आधी किंवा नंतर कधीच ऐकला नाही. पंखे ऐकू येत होते. भोंगा थांबल्यावर एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "झालं? संपलं?" कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

*

मी १२ जुलैच्या सकाळचं सांगते, तेच विचारलंय म्हणून. बोरिवलीहून लेडीज डबा. गर्दी नेहमीपेक्षा कमी, बसायला जागा मिळाली. नेहमी आमच्या डब्यात भाजी निवडणं, साड्यांचे हप्ते, सासूच्या तक्रारी असं चालू असायचं. त्या दिवशी प्रत्येक जण चढली की आधी वाकून सीटखाली पाहायची, मग बसायची.

कांदिवली गेल्यावर कुणाचं तरी लक्ष रॅककडे गेलं. काळी रेक्झिनची पिशवी. "ही कुणाची?" उत्तर नाही. "अहो, ही पिशवी कुणाची?" सगळ्या उभ्या राहिल्या. एकीने साखळीला हात घातला, दोघी दरवाज्याकडे धावल्या, चालत्या गाडीतून उडी टाकतील असं वाटलं. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी दचकून जागी झाली. "माझी, माझी आहे." रात्रपाळी करून, घरी डबा टाकून परत दुसऱ्या कामाला निघाली होती, डोळा लागला होता.

मग आम्ही तिला काय काय बोललो. मीही बोलले, आणि सगळ्यात मोठ्याने मीच बोलले. अक्कल आहे का, कालचं माहीत नाही का, आमची पोरं घरी आहेत. ती थरथरत पिशवी खाली ओढून उघडून दाखवू लागली. आत लहान मुलाचा पिवळा रेनकोट, पोळीचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चाफ्याचे हार. म्हणाली, "माझ्या शेजारचा दादा काल गेला. त्याच्यासाठी नेतेय."

ती रडायला लागली आणि मग सगळा डबाच रडला. साखळीला हात घातलेली बाई तिला पोटाशी धरून मालाडपासून अंधेरीपर्यंत उभी होती. हार चुरगळू नयेत म्हणून कुणीतरी ते हातात घेतले आणि पुढे दिले. दुसरीने तिसरीकडे. उतरताना ते परत तिच्या हातात दिले.

त्या दिवसापासून मी पिशवी रॅकवर ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसते.