शिबिराचे अहवाल सगळे सारखेच येतात. मुलांना आत डोकावायला कसं लावायचं?

प्रश्न: रासेयो मॅडम, सोलापूर

इथल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते आणि तीन वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) कामही बघते. मुलांनी वर्षाला १२० तास सेवाकाम करायचं, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तास भरतात. माझी अडचण तास भरल्यानंतरची आहे.

यंदा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात होतो. मुरमाड जमिनीत, उन्हात मुलांनी सांडपाणी जिरवायचे अकरा शोषखड्डे खणले. खणता खणता एकाच्या लक्षात आलं, दोन घरं सोडून जुना शोषखड्डा आहे, गाळानं गच्च भरलेला. आमच्याच कॉलेजच्या आधीच्या तुकडीनं खणलेला. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली, काहीतरी बोलायला लागली. तेवढ्यात जेवणाची शिट्टी झाली नि सगळी पांगली. शिट्टी मीच वाजवली होती.

आता ४६ अहवाल टेबलावर आहेत. प्रत्येकात 'श्रमाचे महत्त्व कळले'. बऱ्याच जणांची सुरुवात डॉ. कोटणीसांपासून: सोलापूरचे सुपुत्र, १९३८ साली चीनला गेले, वगैरे. त्या बुजलेल्या खड्ड्याबद्दल एकानंही ओळ लिहिलेली नाही. मुलं खोटी नाहीत. त्यांच्या तळहातांवरचे फोड मी पाहिलेत. तुम्ही काय करता?

निवृत्त मास्तर, बार्शी

मॅडम, सगळं शेवटच्या दिवशी लिहून घेऊ नका. आणि त्याला मार्क तर अजिबात देऊ नका. मार्क आले की पोरं तुम्हाला आवडेल तेच लिहिणार.

आम्ही रात्री सांस्कृतिक कार्यक्रमाच्या आधी वीस मिनिटं गोल करून बसायचो. एका रात्री एकच प्रश्न. 'काय शिकलात?' असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर पोरांना पाठ असतं. 'आज गावात कुणाचं नाव कळलं?' 'आज तुमच्यासाठी कुणी काय केलं?' पहिल्या रात्री कुणी तोंड उघडत नाही. आपणही गप्प बसायचं, हे फार अवघड जातं. एका शिबिरात तिसऱ्या रात्री एक मुलगी म्हणाली, 'सर, ज्या आजींच्या दारात आम्ही खणलं त्यांनी भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. पण त्यांच्या घरी नळच नाही. मग सांडपाणी येणार कुठनं?' दुसऱ्या दिवशी पोरं आपणहून ग्रामपंचायतीत गेली.

शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं, अनुभवातून शिकण्याचं चक्र आहे: अनुभव, त्याकडे वळून बघणं, अर्थ लावणं, परत करून पाहणं. आपली शिबिरं पहिल्या पायरीवरच संपतात. तुमची पोरं त्या खड्ड्यापाशी दुसरी पायरी चढत होती.

माजी स्वयंसेवक, पूर्व भाग, सोलापूर

मॅडम, विद्यार्थ्याच्या बाजूनं सांगतो. आमच्या कॉलेजनं विडी कामगार बायकांचं सर्वेक्षण ठेवलं होतं, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. फॉर्मवर प्रश्न होते: दिवसाला किती विड्या, खोकला आहे का, मुलं शाळेत जातात का. बायका तेलुगूत बोलायच्या, मी मित्राला मराठीत सांगायचो. मी तेलुगू घरचा आहे हे तेव्हाच वर्गात कळलं. मला लाज वाटली होती. अहवालात लिहिलं, 'महिलांमध्ये जागृती केली.'

त्या संध्याकाळी घरी आलो तर आई मांडीवर सूप घेऊन विड्याच वळत होती. तिला दिवसाला किती होतात, मानेला कुठे कळ येते, हे मी जन्मात विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. ती आधी हसली, मग तासभर बोलली. हे कुठल्याच अहवालात नाही, कारण लिहायला रकाना नव्हता. कुणी एवढंच विचारलं असतं की 'यातला कुठला प्रश्न तू घरी विचारशील?', तरी मी त्याच दिवशी बोललो असतो.

कार्यक्रम अधिकारी, पंढरपूर

वरच्या ऑफिसला अहवाल लागतोच, त्याला इलाज नाही. आम्ही ऑफिसचा कागद वेगळा ठेवलाय आणि मुलांची वही वेगळी. वही आम्ही गोळाही करत नाही, वाचतही नाही.

रासेयो मॅडम, सोलापूर

पूर्व भागातल्या दादा, तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. माझ्याही वर्गात विडी कामगारांची मुलं आहेत आणि मी त्यांना 'तळागाळातल्या लोकांसाठी' असं सांगत आले.

रविवारी ज्यांना यायचं होतं त्यांना परत त्या गावात नेलं. एकोणीस जण आले. कुदळ-फावडं काही नेलं नाही. त्या बुजलेल्या खड्ड्याजवळ बसलो. घरच्या मावशी म्हणाल्या, 'पोरं खणून गेली, फोटो काढले. दगड मधनंमधनं काढून धुवायचे असतात, हे कुणी सांगितलंच नाही की.' मग बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही. नंतर एका मुलीनं विचारलं, 'मावशी, आम्ही आता खणलेत त्यांच्या लोकांना हे सांगितलंय का कुणी?' अकरा घरं होती, मुलं तीन-तीनच्या गटानं निघाली. एक मुलगा मागे राहून वहीत काहीतरी लिहीत होता. मी त्याच्यापासून लांब जाऊन उभी राहिले.