अनुभव धागा : एकाच एमटीबी (माउंटन बाइक) ब्रँडवर कुणी जीव टाकतं, कुणी बोटं मोडतं, असं का?

संभाजीनगर (धागा सुरू करताना)
आपल्याकडं एमटीबी चालवणारे आता जालना, बीड, लातूर सगळीकडं भेटतात. एखाद्या ब्रँडचं नाव काढलं की एक जण त्याच्यावर जीव टाकतो आणि दुसरा म्हणतो, फुकट दिली तरी नको. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून मला हे नीट समजून घ्यायचंय. कंपनीच्या माहितीपत्रकातलं नको, वापरातलं लिहा.

माझी सायकल एका नावाजलेल्या परदेशी ब्रँडची. पेडलचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, प्रेसफिट आहे; फ्रेमला आटे नाहीत, बेअरिंग नुसतं दाबून बसवलेलं. धूळपाणी आत गेलं की प्रत्येक पेडलला कटकट. काढायचं हत्यार जवळच्या दुकानात नाही आणि डीलर फोन उचलत नव्हता. तेव्हा भेटेल त्याला या ब्रँडच्या वाटेला जाऊ नका म्हणून सांगायचो. पण म्हैसमाळ उतरताना सुट्या मुरमाच्या वळणावर ती जशी जमीन धरते, तशी मी चालवलेली दुसरी कुठलीच धरत नाही. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) पुढं कललेला, पुढचं चाक बरंच पुढं, त्यामुळं तीव्र उतारावर तोंडावर पडायची भीती वाटत नाही. ही सायकल मी विकणार नाही.

बीड
ब्रँडची परीक्षा बघायची तर पावसाळ्यात पांदणीत या. काळी माती ओली झाली की टायरवर थरावर थर चढतात आणि मागच्या चाकाजवळ, जिथं फ्रेमच्या दोन नळ्या जवळ येतात, तिथं गच्च बसतात. चाक फिरायचंच थांबतं. मग बाभळीची काडी मोडायची, चिखल कोरून काढायचा, चार पावलं जायचं, पुन्हा तेच. माझ्या मित्राची सायकल माझ्या दुप्पट किमतीची, पण टायर आणि फ्रेममध्ये बोट जाईल एवढीच फट. माझ्या साध्या सायकलला तिथं ऐसपैस जागा आहे. तो मुरमाड डोंगरात माझ्या पुढं निघून जातो आणि आपल्या ब्रँडचं कौतुक करतो, ते बरोबरच आहे. काळ्या रानात मी त्याच्यासाठी थांबतो. काट्यांचं म्हणाल तर त्यात ब्रँड बघू नका, सगळ्यांनी ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) टाकावं.

परभणी, सायकल दुरुस्ती
संभाजीनगरच्या दादांना आधी सांगतो. प्रेसफिट फ्रेममध्ये बसणारे दोन भागांचे बॉटम ब्रॅकेट मिळतात, दोन्ही भाग आतून एकमेकांत आट्यांनी आवळले जातात. कटकट बहुतेक वेळा जाते. शेलचं, म्हणजे फ्रेममधल्या त्या भोकाच्या नळीचं, माप मात्र व्हर्नियरनं (बारीक मापाच्या पट्टीनं) घ्या, अंदाजानं मागवू नका.

आता माझं मत. गिऱ्हाईक रंग आणि नाव बघतं, मी हँगर बघतो. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसतो ते हँगर. सायकल उजव्या अंगावर पडली की ते वाकतं, आणि ते वाकावं म्हणूनच मऊ केलेलं असतं, म्हणजे फ्रेम वाचते. पण प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, त्यातही मॉडेलगणिक वेगळा. एवढ्याशा पट्टीपायी भारी सायकल दुकानात धूळ खात पडलेली बघितली की जीव तुटतो. सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीनं 2019 मध्ये सगळ्यांना चालेल असं एकच हँगर काढलं आणि बऱ्याच कंपन्यांनी ते घेतलं, हे फार चांगलं झालं. जी कंपनी सगळं आपलंच वेगळं करते, तिचे भक्तही कट्टर आणि टीकाकारही कट्टर. कॅननडेल कंपनीचा लेफ्टी चिमटा घ्या. एकच पाय, एकाच बाजूनं चाक धरलेलं. चालवणारे सांगतात, हँडल वळवलं की चाक तसूभर इकडंतिकडं होत नाही. पण पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तोही त्याच जातीचा लागतो. मुंबई-पुण्यात ठीक आहे, परभणीत तो आणायचा कुठून?

लातूर
माझा राग सायकलीवर नाही, वागण्यावर आहे. स्पेशलाइज्ड या अमेरिकी कंपनीची स्टंपजंपर सायकल 1981 मध्ये आली. त्याआधी कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या सायकली जोडून डोंगर उतरायची, या कंपनीनं दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी माउंटन बाइक मोठ्या संख्येनं बनवली. त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण 2013 मध्ये कॅनडात कॅल्गरीजवळच्या एका माजी सैनिकाच्या छोट्या सायकल दुकानाला ‘रूबे’ हे नाव काढा म्हणून त्यांनी वकिलाची नोटीस धाडली. का, तर त्यांच्या एका सायकलीचं नाव तेच. अहो, रूबे हे फ्रान्समधल्या गावाचं नाव! जगभरातून ओरड झाली, तेव्हा संस्थापक माइक सिनयार्ड यांनी माफी मागितली. अजून ते मनातून जात नाही. माझा धाकटा भाऊ त्यांचीच सायकल चालवतो आणि म्हणतो, दादा, फ्रेम बघ, वकील बघू नको.

नांदेड
नावावरून भांडणाऱ्यांनी तैवानच्या जायंटचा इतिहास बघावा. 1972 ची कंपनी, आधी दुसऱ्यांसाठी सायकली बनवायची. अमेरिकेच्या श्विनच्या ढीगभर सायकली तिच्याच कारखान्यात तयार झाल्या. स्वतःचं नाव तिनं नंतर लावलं. आपल्याकडं फायरफॉक्स ही सायकल कंपनीही 2015 पासून लुधियानाच्या हीरो सायकल्सकडं आहे. तेव्हापासून काही जण तिच्याकडं बघत नाहीत, मला उलट सुटे भाग मिळायची आशा वाटते.

धाराशिव
वरच्या कुणीच मापाबद्दल लिहिलं नाही. माझी उंची पाच फुटांच्या आत. दुकानात एम आणि एल सोडून फ्रेमच नसायची, वर सल्ला मिळायचा, ‘ताई, सीट खाली करा, होऊन जाईल.’ नाही होत. हात ताणून खांदे भरून येतात आणि उतारावर ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचत नाहीत, हा जिवाशी खेळ आहे. ज्या ब्रँडनं एक्सएस फ्रेम दिली आणि लिव्हर जवळ आणायचा स्क्रू दिला, त्याला इंटरनेटवर वजनदार, जुनाट म्हणतात. असेल वजनदार. तुळजापूरचा घाट मी त्याच्यावरच चढते आणि पुढची सायकलही त्याच ब्रँडची घेणार. इथं आणखी कुणी बायका लिहिणार असतील तर उंची आणि फ्रेमचं माप दोन्ही लिहा, दुकानदाराला दाखवायला उपयोगी पडेल.