सममूल्य विधाने खरोखर ‘सारखी’ असतात का?

माटुंग्याचा पालक:
माझी मुलगी बारावी कला शाखेत तर्कशास्त्र शिकते. ‘७ ही मूळ संख्या आहे’ आणि ‘मुंबई ही महाराष्ट्राची राजधानी आहे’ ही विधाने ‘जर आणि तरच’ने जोडली, तर तयार होणारे सममूल्य विधान सत्य ठरते, असे तिने सत्यतासारणी (घटक विधानांच्या सत्य-असत्याच्या सर्व शक्यता ओळीओळीने दाखवणारा तक्ता) मांडून दाखवले. नियम समजला; परंतु ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, त्यांना समतुल्य म्हणावे कसे?

तर्कवेडा:
सममूल्य विधान आशयाविषयी काहीच बोलत नाही. दोन्ही घटकांचे सत्यतामूल्य, म्हणजे सत्य की असत्य हे, एकच आहे, एवढेच ते सांगते. १ मे १९६० पूर्वी महाराष्ट्र राज्यच नव्हते, मात्र ७ तेव्हाही मूळ संख्याच होती. म्हणजे त्या काळी हेच जोडविधान असत्य ठरले असते. तार्किक समतुल्यता याहून कडक असते, कारण तिथे सारणीच्या प्रत्येक ओळीत मूल्ये जुळावी लागतात. ‘पाऊस पडला तर रूळ भिजतात’ आणि ‘रूळ भिजले नाहीत तर पाऊस पडलेला नाही’ ही जोडी त्या कसोटीला उतरते. ‘रूळ भिजले तर पाऊस पडला’ हे विधान मात्र उतरत नाही, आणि बोलण्याच्या ओघात नेमकी तीच गल्लत होते.

गणित शिक्षक, मुलुंड:
गणितात समतुल्यतेच्या संबंधाला तीन अटी असतात: प्रत्येक गोष्ट स्वतःशी समतुल्य असावी, संबंध दोन्ही बाजूंनी चालावा आणि तो साखळीने पुढे जावा. एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश या सममूल्य अपूर्णांकांचा संबंध तिन्ही अटी पाळतो. व्यवहारातली समकक्षता मात्र बहुधा दुसऱ्याच अटीवर अडखळते: अनेक नोकऱ्यांसाठी अभियांत्रिकी पदविका बारावीला समकक्ष धरतात, पण कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी बारावीला पदविकेसमान कोणी मानत नाही. ‘जवळ असणे’ तिसऱ्या अटीवर फसते. दादरजवळ माटुंगा, माटुंग्याजवळ शीव, असे स्थानकागणिक सरकत गेल्यास दादर कल्याणच्याही जवळ ठरेल.

माटुंग्याचा पालक:
मग तार्किक समतुल्यता या अटी पाळते का?

तर्कवेडा:
तिन्ही पाळते, आणि म्हणूनच परस्पर समतुल्य विधानांचे वर्ग, म्हणजे गट, पाडता येतात. ‘क’ आणि ‘ख’ या दोनच विधानांपासून संयुक्त विधाने अगणित रचता येतात. पण सारणीत ४ ओळी आणि प्रत्येक ओळीला २ शक्यता असल्यामुळे वर्ग केवळ २×२×२×२, म्हणजे १६ होतात. मुलीला ते सोळाही स्तंभ मांडायला सांगा.