प्रतिसाद: हेमाडपंती की भूमिज?

वर कुणीतरी म्हटलंय की चुन्याशिवाय दगड सांधलेलं प्रत्येक देऊळ हेमाडपंती. काळ जुळत नाही हो. ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री (हेमाडपंत) हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि तसंच बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२चा (इ.स. १०६०), शिलाहार राजांच्या काळातला! शिवाय चुन्याशिवाय बांधणं हे सांधकामाचं तंत्र झालं, शैली ठरवायची तर शिखर पाहावं. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरावर चारही बाजूंना पायथ्यापासून वर जाणाऱ्या लता (सलग उभे कोरीव पट्टे) आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत इवल्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. ही भूमिज शैली. माळव्यात परमार उदयादित्याचं उदयपूरचं उदयेश्वर मंदिरही याच घडणीचं. अंबरनाथचं शिखर वरून ढासळलंय, तरी उरलेल्या भागात या ओळी ओळखू येतात.