फ्री कन्सल्टन्सीला पैसे देतं कोण? एमएससाठी दोनच कॉलेजं लावून धरलीत

लक्ष्मीनगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी कॉम्प्युटरमध्ये बीई झाली, एक वर्ष इथे नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी केली, आता अमेरिकेत एमएस करायचं म्हणते. आमच्या घरात पुण्याच्या पुढे कोणी शिकायला गेलेलं नाही, त्यामुळे मला यातलं ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगते. मैत्रिणीने डब्ल्यूएचसी रोडवरच्या एका कन्सल्टन्सीचं नाव दिलं म्हणून गेलो. भिंतीवर व्हिसा मिळालेल्या पोरांचे फोटो, कॉफी वगैरे, आणि सगळं फ्री. एक रुपया घेत नाही म्हणे. आमच्या ह्यांना तिथेच शंका आली, म्हणाले बर्डीवर स्कूटर उभी करायचे पैसे लागतात आणि हा माणूस अमेरिकेला फुकटात पाठवून राहिला.

मुलीने घरी बसून १० युनिव्हर्सिटींची यादी केली होती. सरांनी ती दोन मिनिटं पाहिली, बाजूला ठेवली आणि सांगितलं की यातल्या आठ ठिकाणी तुझं होणारच नाही, मी सांगतो तिथे कर. त्यांनी सांगितलेली दोन्ही नावं मुलीने कधी ऐकलीसुद्धा नव्हती. मग मागच्या रविवारी एका हॉटेलात परदेशी कॉलेजांचा फेअर होता, तिथे त्यातल्या एका कॉलेजचा माणूस आलेला, त्याने मार्कशीट पाहिली आणि पंधरा मिनिटांत अ‍ॅडमिशन झाली समजा म्हणाला, अ‍ॅप्लिकेशन फी माफ, वरून स्कॉलरशिप. फक्त येत्या शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरा असं ऑफिसवाले मागे लागलेत.

अजून एक खटकलं. अर्जासाठी नवा ईमेल आयडी ऑफिसने काढला आणि पासवर्ड त्यांच्याकडेच आहे. मुलगी म्हणते आई, सगळ्यांचं तसंच असतं. यांना पैसे नक्की कोण देतं? आणि हे असं चालतं का कायद्याने?

जुना_काउन्सेलर

ताई, मी साडेतीन वर्षं अशाच एका ऑफिसात खुर्ची गरम केली आहे, नाव घेत नाही. पैसे कॉलेज देतं. मुलगी तिथे पोचली, पहिल्या सेमिस्टरची फी भरली, नाव काढून घ्यायची मुदत संपली, की इथून बिल जातं. साधारण पहिल्या वर्षाच्या ट्यूशन फीच्या १० ते २० टक्के, काही ठिकाणी डोक्यामागे ठरलेली रक्कम. फी ३० हजार डॉलर आणि कमिशन १५ टक्के धरा, साडेचार हजार डॉलर झाले. आता कॉफीचा हिशोब लागला का?

आमच्याकडे एक एक्सेल शीट होती. टायअप असलेली कॉलेजं हिरव्या ओळीत, बाकीची पांढरी. पोरगं समोर बसलेलं असताना मॅनेजर मागून जाता जाता हळूच विचारायचा, हिरवं सांगितलं का? तुमच्या मुलीची यादी बहुतेक पांढरी असणार, म्हणून दोन मिनिटांत बाजूला गेली. तिचं तिथे होणार नाही हे ते कशावरून म्हणाले ते विचारा, मी स्वतः कितीतरी पोरांना हेच वाक्य बोललो आहे आणि त्यातल्या निम्म्यांच्या मार्कशीट धड पाहिल्याही नव्हत्या. आता लाज वाटते.

कायद्याचं म्हणाल तर चालतं, आणि गंमत अशी की अमेरिकेतल्या अमेरिकन पोरांसाठी हेच चालत नाही. सरकारी विद्यार्थी मदतीचे पैसे घेणाऱ्या कॉलेजला तिथे डोकी मोजून भरतीचं कमिशन देता येत नाही, पण बाहेरच्या देशात राहणाऱ्या आणि ती मदत मिळू न शकणाऱ्या पोरांसाठी त्याच कायद्यात सूट ठेवली आहे. तिथल्या अ‍ॅडमिशनवाल्यांची नॅकॅक नावाची संघटना आहे, तिच्यात यावर बरीच भांडणं झाली आणि २०१३ मध्ये परदेशातल्या कमिशन एजंटांना त्यांनी वाट दिली, अट अशी की व्यवहार पारदर्शक पाहिजे. एजन्सींना तपासून सर्टिफिकेट देणारी एआयआरसी म्हणून संस्थाही २००८ पासून आहे. तुमच्या ऑफिसकडे ते आहे का विचारून बघा, चेहऱ्यावरूनच कळेल.

सगळे एजंट चोर असतात असं मात्र मी म्हणणार नाही. २००८ च्या मंदीत तिथल्या राज्यांनी सरकारी युनिव्हर्सिटींचे पैसे कापले, शिवाय तेव्हापासून तिथे जन्म कमी होत गेले, ती पोरं आता कॉलेजच्या वयाला येऊन राहिलीत म्हणजे वर्गात बसायलाच माणसं कमी. मग पूर्ण फी भरणारं पोरगं बाहेरून आणावंच लागतं, आणि कुठल्या आडगावातल्या युनिव्हर्सिटीला नागपुरात माणूस ठेवणं परवडणार आहे? त्यामुळे हिरव्या ओळीतही काही चांगल्या जागा असतात.

पण ईमेलचा पासवर्ड आजच्या आज घ्या. तो ऑफिसकडे असला की कॉलेज काय कळवतं ते मुलीच्या आधी ऑफिसला कळतं, आणि तुम्हाला त्यातलं किती सांगायचं ते तेच ठरवतात.

वऱ्हाडी_ठेचा

माह्या भाच्याचा एसओपी (म्हंजे अर्जासोबत द्याचा, मले हे काहून शिकाचं हाये असा निबंध) अशाच एका ऑफिसनं लिहून देल्ला होता. त्यात लिहेल की लहानपणी आजोबांचा रेडिओ खोलून पाह्यला आन् तवापासून इंजिनीअरिंगची आवड लागली. त्याचे आजोबा त्याच्या जन्माच्या आधीच गेले, रेडिओ कुठून आला बाप्पा? मंग समजलं का त्याच बॅचच्या आणखी तीन पोट्ट्यायच्या एसओपीत तोच रेडिओ हाये. चौघायचा आजोबा एकच.

ताई, पोट्टीले स्वतःच लिहू द्या. इंग्रजी मोडकं असलं तं चालते, आजोबा खरे पाह्यजेत.

सातासमुद्रापार

मी मूळचा प्रतापनगरचा, सध्या मिशिगनमध्ये. डिपॉझिट भरायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. मुलीला स्टेम ओपीटी हवी असेल (शिक्षणानंतर १२ महिने कामाची परवानगी आणि स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित यातला कोर्स असेल तर वर २४ महिने) तर कोर्सच्या नावावर जाऊ नका, त्याचा सीआयपी कोड विचारा, म्हणजे कोर्स कुठल्या विषयात मोडतो ते सांगणारा सरकारी नंबर. नावात डेटा आणि टेक्नॉलॉजी असतं पण कोड वेगळाच निघतो. आय-२० वर (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) हा कोड छापलेला असतो, पण आय-२० हातात येईपर्यंत लोकांनी पैसे भरलेले असतात, म्हणून आधीच कॉलेजला मेल करून लेखी मागा. आणि आय-२० कॉलेजच देतं, एजंट कोणीही असला तरी देऊ शकत नाही. ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) पण मुलीने स्वतः सरकारी साइटवर भरायची.

पहिल्या दिवसापासून नोकरी करता येईल असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. मी ज्या भागात राहतो तिथल्याच फार्मिंग्टन हिल्समध्ये फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी होती, ना मास्तर ना वर्ग, सगळा सापळा खुद्द अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने लावलेला. जानेवारी २०१९ मध्ये उघड झालं, सुमारे ६०० पोरं अडकली आणि त्यात बहुतेक आपलीच. पोरं आणून देणाऱ्या आठ एजंटांवर खटला झाला. परदेशी पोरं घ्यायची परवानगी असलेल्या कॉलेजांच्या सरकारी यादीत त्याचं नाव होतं, त्यामुळे नुसती यादी पाहूनही भागत नाही. त्या डिपार्टमेंटमध्ये आत्ता शिकणारी दोन पोरं लिंक्डइनवर शोधा आणि सरळ मेसेज टाका, आपली पोरं उत्तर देतात.

आणि फुकटच पाहिजे तर एज्युकेशनयूएसए आहे. ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं, मुंबईत त्यांचं सेंटर आहे, ऑनलाइन पण बोलतात. मला हे माहीत असतं तर दोन वर्षांपूर्वी माझे बरेच पैसे वाचले असते, ती कहाणी नंतर कधीतरी.

लक्ष्मीनगरची_आई

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहून राहिली त्याबद्दल सॉरी. काल दोघी जाऊन आलो. पासवर्ड मागितला तर आधी म्हणाले सिस्टीम डाउन आहे, मग म्हणाले मॅडम बाहेर गेल्यात. मुलगी म्हणाली आम्ही बसतो. अर्ध्या तासाने सिस्टीम आपोआप सुरू झाली.

घरी येऊन उघडलं तर १७ मेल न वाचलेले. त्यातला एक त्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसचा, दहा दिवसांपूर्वी आलेला, डिपॉझिटची तारीख त्यात लिहिलेली आहे आणि ती जूनची आहे. शुक्रवार कुठून आला कोण जाणे. ह्यांनी तो मेल दोनदा वाचायला लावला आणि मग काही न बोलता पोहे करायला उठले, आमच्याकडे हे फार क्वचित होतं.

जुना_काउन्सेलर दादा, तुमचं ते हिरव्या ओळीचं वाचून मी विचारलं, मुलीच्या दहापैकी किती ठिकाणी तुमचं टायअप आहे म्हणून. आधी विषय बदलला, मग सांगितलं की दोन. म्हणजे तिच्या यादीतली आठ उडवून जी उरली होती ती दोन, बरोबर ना?

तिने आता स्वतःच अर्ज करायला घेतलेत, एसओपीत आजोबा नाहीत. ट्रान्सक्रिप्टसाठी आपल्या युनिव्हर्सिटीत कुठल्या खिडकीवर जायचं आणि किती दिवस लागतात ते कोणी सांगेल का?