मदत हवी आहे: पिल्झेनचं बिअर संग्रहालय, सोबत गुडघेदुखी असलेले बाबा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय, त्यातला एक दिवस चेक प्रजासत्ताकातल्याच पिल्झेन शहरासाठी राखलाय. बाबा बिअरला शिवत नाहीत, पण त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याने तिथे पहिली सोनेरी पिल्सनर बिअर कशी बनवली, त्यात तिथल्या मऊ पाण्याचा आणि फिकट माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) वाटा काय, हे त्यांना प्रत्यक्ष बघायचंय. १८३८ मध्ये खराब निघालेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली होती, हा किस्सा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात!

अडचण गुडघ्यांची आहे. जुन्या घरातलं संग्रहालय, शहराखालची भुयारं आणि पिल्सनर उर्क्वेल बिअरचा कारखाना हे तिन्ही एका दिवसात त्यांना झेपणार नाही. भुयारात पायऱ्या किती आहेत, मध्येच बाहेर पडता येतं का? कारखान्याच्या गार तळघरात ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात, ते मला सोडवत नाही. तिथे बाबांना बसायला जागा मिळेल का? कारखान्याची इंग्रजीतून माहिती देणारी फेरी किती दिवस आधी बुक करावी?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा. एकच निवडायचं तर काय निवडाल?