काकांच्या स्मृतिमैफलीचा कार्यक्रम कसा असावा?

सचिव: नमस्कार. आपल्या काकांच्या स्मरणार्थ त्यांच्या हौशी ऑर्केस्ट्राने मैफल करायचे ठरवले असून, आयोजनात सोसायटीने हातभार लावावा अशी त्यांची विनंती आहे. नामवंत व्हायोलिनवादकाचे एकलवादन, केवळ शोकगंभीर रचना आणि मान्यवरांची भाषणे अशा सूचना आतापर्यंत आल्या आहेत. आपली मते कृपया येथेच मांडावीत.

बी विंग (काकांचे सहवादक): काकांच्या शेजारी बसून मी बरीच वर्षे व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खालच्या सुराचे तंतुवाद्य, वाजवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाहुण्या कलाकाराच्या एकलवादनाला माझा विरोध आहे. काकांचे काम मधल्या आवाजाचे होते. सुरावट बहुधा व्हायोलिनकडे असते, तळ चेलो आणि डबल बेस ही खर्जातली तंतुवाद्ये सांभाळतात, आणि या दोहोंमधली जागा व्हायोला भरून काढतो. तो श्रोत्यांना सहसा वेगळा ऐकू येत नाही, पण थांबला की सगळा वाद्यवृंद विरळ वाटू लागतो. दोन वादकांत स्वरलिपीचा एकच स्टँड असतो आणि पान उलटणे हे आतल्या बाजूला बसणाऱ्याचे काम. ती जागा काका हट्टाने स्वतःकडे ठेवत, म्हणजे पानाअखेरचे एक-दोन बार (स्वरलिपीतले छोटे खंड) सोडून देऊन शेजाऱ्याला अखंड वाजवू देत. अशा माणसाच्या मैफलीत त्यांच्याच सहकाऱ्यांनी पाहुण्याच्या साथीला बसावे, हे मला पटत नाही.

इंग्रज संगीतकार एल्गार यांच्या १८९९ मधल्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ या वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला ‘निम्रॉड’ हा भाग अनेकांनी सुचवला आहे. तो जरूर घ्यावा. मात्र तो मृत्युगीत म्हणून लिहिलेला नाही, निराशेच्या काळात एल्गार यांना धीर देणाऱ्या येगर या हयात मित्राचे ते चित्र आहे, तेव्हा तो उगाच लांबवू नये. त्याच रचनेतला सहावा भाग माझ्या मते काकांना अधिक जवळचा आहे. तो इझाबेल फिटन या हौशी व्हायोलावादक शिष्येवर रचलेला आहे, आणि एका तारेवरून दुसऱ्या तारेवर गज नेताना नवशिक्याची जी तारांबळ होते, तिच्यावरचा सरावपाठच त्याच्या सुरुवातीला गुंफला आहे. बारावा भाग बेसिल नेव्हिन्सन या हौशी चेलोवादक मित्रावर आहे. हौशी वादकांचा इतका मनापासून केलेला गौरव दुसरीकडे शोधायची गरज नाही.

डी विंग: संगीतातले फारसे न कळणाऱ्यांना फक्त व्हायोलासाठी निवडलेला कार्यक्रम रुक्ष तर वाटणार नाही ना?

बी विंग (काकांचे सहवादक): रास्त शंका आहे. म्हणून ‘निम्रॉड’चे सुरुवातीचे काही बार आधी व्हायोलांशिवाय आणि मग सर्वांसह वाजवून दाखवावेत, असे सुचवतो, काका काय करत होते, हे त्या मिनिटभरात कानांना कळेल आणि लांब भाषणांची गरज उरणार नाही. उत्तरार्धात जर्मन संगीतकार ब्राम्स यांची दुसरी सेरेनेड, म्हणजे वाद्यवृंदासाठीची हलकीफुलकी रचना, घ्यावी. तिच्यात व्हायोलिन मुळीच नाहीत, त्यामुळे तंतुवाद्यांत सर्वांत वरचा आवाज व्हायोलांचाच असतो, आणि तरीही ती प्रसन्न आहे. आमच्या व्हायोलिनवादकांनी तेवढा वेळ श्रोत्यांत बसण्याची तयारी आनंदाने दाखवली आहे.

काकांची मुलगी: बाबांचा व्हायोला मंचावर त्यांच्या खुर्चीवर ठेवावा, अशी आईची इच्छा आहे. पेटी अजून उघडलेली नाही. तारा काढून ठेवणे योग्य ठरेल का?

बी विंग (काकांचे सहवादक): ताई, तारा अजिबात काढू नका. सगळा ताण एकदम गेला तर तारा पेलणारी घोडी पडते, आणि वरच्या व खालच्या फळीमध्ये केवळ दाबाने उभी असलेली साउंडपोस्ट ही लाकडी काडीही निसटू शकते. गजाचे केस ताणलेले असतील तर तेवढे मळसूत्र फिरवून सैल करावेत. दिव्यांच्या उष्णतेत वाद्य नुसते ठेवण्यापेक्षा, आईंची हरकत नसेल तर, आमच्या गटातल्या सर्वांत तरुण वादकाने ते वाजवावे असे मला मनापासून वाटते. व्हायोलाचे आकारमान व्हायोलिनसारखे ठरलेले नसते, त्यामुळे बोटांमधली अंतरे बदलतात आणि हात बसायला काही आठवडे लागतात. निर्णय लवकर कळला तर बरे होईल.

काकांची मुलगी: आईशी बोलले. तिला हे अधिक आवडले. पेटीसोबत बाबांनी पेन्सिलने गजाच्या खुणा केलेली पानेही देते. मैफलीत तीच वापरावीत, एवढीच तिची विनंती आहे.

सचिव: मग एकलवादनाचा प्रस्ताव मागे घेऊ. भाषण एकच, तेही ऑर्केस्ट्राच्या वतीने. कार्यक्रमपत्रिकेत सर्व वादकांची नावे वर्णानुक्रमे आणि सारख्याच अक्षरांत छापू. मजकूर सहवादकांनी तालमीच्या आधी पाठवावा.